दिवे सगळे लागतात, तरी केबल चुकलेली: डोंबिवलीतल्या एका घरचं प्रकरण

"अरे, वायरपेक्षा वायफाय फास्ट चालतंय. असं असतं का कधी?" ताईने फोनवर नमस्कार-चमत्कार न करता थेट हेच विचारलं.

असतं, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण अर्ध्या तासात हाती लागतं. राउटरचा चुकीचा पोर्ट, पिचलेली वायर, जुनं नेटवर्क कार्ड, असलंच काहीतरी. या प्रकरणात मात्र दोन रविवार गेले, आणि पहिल्या रविवारी मी अगदी ठामपणे चुकीचं निदान करून घरी आलो. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहते. घरून व्हिडिओ एडिटिंगचं काम करते आणि तिचं मोठं गिऱ्हाईक जर्मनीतलं आहे. त्यांच्या फ्रँकफर्टच्या सर्व्हरवरून रोज साधारण दोन जीबीचं कच्चं फुटेज उतरवायचं, कापाकापी करायची आणि तयार फाइल परत चढवायची. गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा हॉलमधल्या राउटरपासून आतल्या बेडरूममधल्या कॉम्प्युटरपर्यंत कन्सील पाइपातून लॅन केबल टाकून घेतली होती. ओढली त्याच इलेक्ट्रिशियनने आणि दोन्ही टोकांना जॅक मारले तेही त्यानेच. मध्ये सॉकेट नाही, जोड नाही, एकसंध केबल. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. हॉलच्या टोकाला २११ दिसत होता, बेडरूमच्या टोकाला २२९. म्हणजे अठरा मीटर. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा शंभर मीटरची, तेव्हा लांबीचा प्रश्नच नव्हता.

तक्रार अशी. दोन जीबीची फाइल दुपारी उतरवली तर पाऊण तास लागतो आणि रात्री जवळजवळ दीड तास. भावोजींचा ऑफिसचा लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवून वायफायवर तीच फाइल उतरवली तर नऊ मिनिटं. आणि स्पीड टेस्ट? वायरवर डाउनलोड ९१, अपलोड ९३. प्लॅन १०० एमबीपीएसचा.

मी पोचेपर्यंत उपचार भरपूर झाले होते. नेटवाला तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा त्याने त्याच कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट लावली, ९० च्या वरचा आकडा दाखवला आणि "लाइन ओके आहे, पीसी स्लो आहे" म्हणून निघाला. त्याचंही फार चुकलं नाही, कारण त्याच्या हातात तेवढंच माप आहे. मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकली, आठ जीबी रॅम वाढवून दिली. मग प्लॅन ५० वरून १०० वर नेला. फरक काडीचाही पडला नाही. भावोजींचं स्वतःचं एक मत होतं: रात्री अख्खी बिल्डिंग मॅच बघते, म्हणून रात्री जास्त रखडतं. पटण्यासारखं मत होतं. शेवटी चुकीचं निघालं, पण 'रात्री' हा शब्द त्यांच्या तोंडून आला हे बरं झालं.

पहिला रविवार

वायरचं नेटवर्क रखडलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यात किती वेगाचा करार झालाय. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटवर गेलं की 'लिंक स्पीड' म्हणून आकडा दिसतो. इथे १०० होता. कॉम्प्युटरमधलं कार्ड गिगाबिटचं, म्हणजे १००० चं. केबल राउटरच्या पहिल्या पोर्टात होती आणि तो पोर्टही गिगाबिटचा. हे तपासून घ्यावं लागतं. फायबरवाले जे स्वस्तातले डबे बसवून जातात, त्यांतल्या पुष्कळांत एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात.

मग १०० का? कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' ही ओळ उघडली. तिथे 'ऑटो'ऐवजी कुणीतरी हाताने '१०० फुल डुप्लेक्स' निवडून ठेवलं होतं. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलू शकतात, हाफ म्हणजे एका वेळी एकच.

इथे माझे कान टवकारले. एका टोकाला वेग हाताने पक्का केला आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर एक जुना रोग होऊ शकतो. ऑटोवाल्या टोकाला समोरून वाटाघाटीचे संकेत मिळत नाहीत. वेग तेवढा ते ओळखतं, पण डुप्लेक्स कळत नाही म्हणून नियमाप्रमाणे हाफ धरतं. मग एक जण कधीही बोलतो आणि दुसरा समोरचा थांबेल म्हणून वाट बघतो. थोडी रहदारी असली तर सगळं सुरळीत, जोर लावला की धडकाधडकी. मला वाटलं, सापडलं. राउटरच्या पानावर पोर्टची स्थिती बघितली तर तिथेही १०० फुल. म्हणजे ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाटाघाटी बंद केल्या नव्हत्या, फक्त 'मला १०० फुलच येतं' एवढंच समोर सांगत होता. दोन्ही टोकांचं एकमत होतं. रोग तो नव्हता.

आणि इथेच मी चुकलो. 'प्लॅन १०० चा, लिंक १०० ची, यामुळे काही अडत नाही' असं म्हणून ती ओळ तशीच ठेवली. ती कुणी बदलली आणि का बदलली, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

पुढचे दोन तास नेहमीच्या गोष्टींत गेले. ड्रायव्हर नवा टाकला. वीज वाचवणारं 'ग्रीन इथरनेट' बंद केलं. राउटरला शंभर वेळा पिंग केलं, म्हणजे लहानसा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघितलं: शंभर गेले, शंभर आले, हरवले शून्य, वेळ एक मिलिसेकंदाच्या आत. केबल स्वच्छ आहे असं मी जाहीर केलं. फ्रँकफर्टच्या सर्व्हरला पिंग केल्यावर १३० मिलिसेकंद आले, आणि मुंबईहून तिकडे जायला साधारण तेवढे लागतातच. मग एकाच फाइलचे आठ तुकडे करून आठ जोडण्यांवरून उतरवणारा डाउनलोड मॅनेजर लावला, आणि काय आश्चर्य, फाइल अकरा मिनिटांत उतरली. माझा निष्कर्ष तयार झाला: परदेशी मार्गावर कुठेतरी प्रत्येक जोडणीला लगाम आहे, त्यात आपल्या हातात काही नाही, हा मॅनेजर वापर.

चहा झाला, पोहे झाले, मी चपला घालत होतो. भावोजी बँकेत आहेत, या कामाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांनी सहज विचारलं, "पण मग वायफायने जाताना तो मार्ग वेगळा असतो का?"

मार्ग तोच. राउटरच्या पुढे वायर आणि वायफाय यांत फरक काहीच नाही. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन खाली उतरलो आणि स्टेशनपर्यंत रिक्षात तोच प्रश्न चघळत राहिलो. फरक असलाच तर राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या अठरा मीटरमध्येच असायला हवा होता. आणि त्याच अठरा मीटरना मी 'स्वच्छ' असा शेरा दिला होता.

हजारातला एक

आठवडाभर कागदावर जे मांडलं ते असं. इंटरनेटवर फाइल पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत येते आणि टीसीपी नावाचा नियमसंच हा व्यवहार सांभाळतो. एखादं पॅकेट हरवलं की टीसीपी ते पुन्हा मागवतो, पण त्याचबरोबर 'रस्त्यावर गर्दी झाली' असं समजून स्वतःचा वेग एकदम खाली आणतो आणि मग हळूहळू वाढवत नेतो. वाढवायचा दर परतफेरीच्या, म्हणजे पॅकेट जाऊन त्याचं उत्तर परत यायच्या, वेळेवर ठरतो. समोरचा पाच मिलिसेकंदांवर असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा उभा राहतो. १३० मिलिसेकंदांवर असेल तर रांगत वर येतो, आणि वर येईपर्यंत पुढचं पॅकेट हरवलेलं असतं.

याचं एक ढोबळ सूत्र १९९७ पासून आहे: एका जोडणीचा वेग परतफेरीच्या वेळेच्या व्यस्त आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त. आकडे घालून बघितलं. समजा हजारात एकापेक्षा किंचित जास्त, म्हणजे ०.१२ टक्के पॅकेटं हरवतात. स्पीड टेस्टचा सर्व्हर मुंबईतच, पाच मिलिसेकंदांवर. तिथे एका जोडणीला ८० एमबीपीएसच्या आसपास मिळतात, आणि स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, म्हणजे ९० पार होणारच. फ्रँकफर्टला, त्याच केबलवरून, एका जोडणीला जेमतेम सव्वातीन. सव्वातीन एमबीपीएसने दोन जीबी म्हणजे ऐंशी मिनिटांच्या वर. ताईचा 'जवळजवळ दीड तास'!

डाउनलोड मॅनेजरचं कोडंही यातच सुटतं. आठ जोडण्या म्हणजे आठ लंगडे माणूस मिळून एक ओझं नेतायत. मार्गावर लगाम कुणीच घातला नव्हता.

मग शंभर पिंगांत एकही का हरवलं नाही? विंडोजचं पिंग डिफॉल्टला ३२ बाइटचं असतं. वेष्टणासकट तारेवर ते पाऊणशे बाइटच्या आसपास जातं, तर फाइलचं भरलेलं पॅकेट दीड हजाराच्या वर. बिघाड जर तारेवर अधूनमधून एखादा बिट उलटवण्याचा असेल, तर लहान पॅकेट त्यातून सुटायची शक्यता वीसपट जास्त. ०.१२ टक्क्यांच्या हिशोबाने पिंग सोळा हजारांत एखादं हरवेल. आणि मी शंभर मोजून प्रमाणपत्र दिलं होतं.

उरलं वायफाय. हवेत पॅकेटं हरवत नाहीत का? वायरपेक्षा कितीतरी जास्त हरवतात. पण वायफाय प्रत्येक पॅकेटची पोच मागतं आणि पोच आली नाही की तिथल्या तिथे, मिलिसेकंदांच्या हिशोबात, पुन्हा पाठवतं. वरच्या टीसीपीला त्याचा पत्ताही लागत नाही. इथरनेटचा स्वभाव उलटा. पॅकेटच्या शेवटी सीआरसी नावाची बेरीज असते, ती जुळली नाही की कार्ड ते पॅकेट मुकाट्याने फेकून देतं. कुणाला कळवणं नाही, परत मागणं नाही. तांब्याच्या चांगल्या तारेवर चुका इतक्या विरळ असतात की हा स्वभाव परवडतो. तार बिघडली की परवडत नाही.

म्हणजे 'वायरपेक्षा वायफाय फास्ट' हे ताईचं पहिलंच वाक्य खरं तर निम्मं निदान होतं.

दुसरा रविवार

या वेळी पिशवीत लिनक्सवाला जुना लॅपटॉप, दोन मीटरची खात्रीची केबल, क्रिम्पिंगचा पकड आणि मूठभर आरजे-४५ जॅक.

लॅपटॉप राउटरला छोट्या केबलने लावला, ताईचा कॉम्प्युटर भिंतीतल्या केबलवर होता तसाच. दोन्हीकडे आयपर्फ३ चालवलं. हा प्रोग्राम घरातल्या घरात दोन यंत्रांमध्ये ओझं टाकून बघतो, बाहेरच्या इंटरनेटचा त्यात काही भाग नसतो. यूडीपीवर, ८० एमबीपीएस, एक मिनिट. टीसीपीऐवजी यूडीपी ही पद्धत यासाठी की ती हरवलेलं परत मागत नाही, आणि हरवलं ते आयपर्फ मोजून दाखवतो. कॉम्प्युटरच्या दिशेने सुमारे चार लाख अकरा हजार पॅकेटं पाठवली, ४९३ पोचली नाहीत. ०.१२ टक्के. हा आकडा कागदावरच्या अंदाजाशी इतका जुळला की मला स्वतःलाच संशय आला, म्हणून आणखी दोनदा चालवलं. ४७० आणि ५११.

उलट दिशेने, कॉम्प्युटरकडून राउटरकडे: सहा. तेव्हा कुठे मी ताईला विचारलं, "तयार फाइल चढवताना कधी त्रास झाला का गं?" "छे, ते पटकन जातं. तू विचारलंच नाहीस." खरं होतं. पहिल्या दिवशी अपलोडबद्दल एक प्रश्न विचारला असता तर बिघाड एका दिशेच्या तारांत आहे एवढं तिथेच कळलं असतं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना वळलेल्या, म्हणजे चार जोड्या. शंभरच्या लिंकवर जायला एक जोडी आणि यायला दुसरी.

कार्डावर आळ यायला नको म्हणून कॉम्प्युटरचा टॉवर उचलून हॉलमध्ये आणला आणि दोन मीटरच्या केबलवर तीच चाचणी केली. शून्य. मग माझा लॅपटॉप बेडरूमच्या टोकाला भिंतीतल्या केबलवर लावला. लिनक्समध्ये कार्डाचे आतले आकडे बघता येतात. सीआरसी चुकांचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. ताईच्या विंडोजमध्ये 'एरर्स'च्या रकान्यात इतके दिवस शून्यच होतं, कारण त्या ड्रायव्हरला ते मोजायची सवयच नाही.

ताईचे सासरे इतका वेळ सोफ्यावरून बघत होते. ते म्हणाले, "रात्री एसी असतो ना." बेडरूमचा एसी इन्व्हर्टर आहे आणि त्याची पॉवरची वायर बरंचसं अंतर याच भिंतीतून, केबलच्या पाइपाला लागून जाते. ऑक्टोबरचा उकाडा म्हणून त्या दिवशी सकाळपासून एसी चालूच होता. तो बंद केला आणि पुन्हा मोजलं: १२४. म्हणजे ०.०३ टक्के, पाव भागावर. त्याच सूत्रात ०.०३ घातलं की दोन जीबीला साधारण बेचाळीस मिनिटं येतात. दुपारचा पाऊण तास तो हाच. बिल्डिंगवाले बिचारे मॅच बघत होते, त्यांचा यात हात नव्हता.

पण एसीच्या वायरशेजारून केबल नेणारी घरं हजारो आहेत आणि त्यांचं चांगलं चालतं. ही केबल इतकी हळवी का, हे अजून कळलं नव्हतं. केबल नकली असेल, वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, असं वाटून टोकाची एक तार ब्लेडने खरवडली. आतपर्यंत तांबूस. माल अस्सल होता.

मग ती राहिलेली ओळ. कार्ड '१०० फुल'वरून 'ऑटो'वर आणलं. लिंक १ जीबीपीएसची आली, दहा-बारा सेकंद टिकली आणि तुटली. परत आली, परत तुटली. चार-पाच वेळा असं झाल्यावर कार्डानेच हार मानून १०० वर बैठक मारली.

ताई म्हणाली, "हां, हेच! जुलैत असंच सारखं जायचं-यायचं. कॉम्प्युटरवाला आला, त्याने काहीतरी केलं आणि थांबलं."

त्याने काय केलं ते आता उघड होतं. ताप आला होता, त्याने थर्मामीटर काढून ठेवला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे १०० वर अडकवलं की तुटणं थांबलं, आणि दोष निम्मा झाकला जाऊन निम्मा तसाच राहिला.

जॅकमधले रंग

जॅक पारदर्शक प्लास्टिकचा असतो. खटका खाली करून धरला आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये डावीकडून रंग वाचले. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला जाऊन वाचले. हुबेहूब तेच.

बघायला किती नीटनेटकं. प्रत्येक रंग आपल्या जोडीदाराशेजारी. आणि नेमकी तीच चूक.

प्रमाण क्रम, ज्याला टी५६८बी म्हणतात, तो असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी. हे वेडंवाकडं दिसतं त्याला टेलिफोनचा वारसा कारण आहे. टेलिफोनच्या जॅकमध्ये मधल्या दोन पिनांवर एक लाइन आणि तिच्या दोन बाजूंच्या पिनांवर दुसरी, अशी रीत होती. ती मधल्या चार पिनांपुरती तशीच राहिली. इथरनेटने यायची-जायची जोडी म्हणून पिन १-२ आणि पिन ३-६ घेतल्या. तिसऱ्याची जोडी चौथ्याशी नाही, सहाव्याशी आहे.

आता इलेक्ट्रिशियनच्या क्रमात तिसऱ्या पिनवर हिरवी-पांढरी आणि सहाव्यावर निळी. वीज पोचते, कारण तारेला रंग कळत नाही. पण त्या दोन तारा एकमेकींना वळलेल्या नाहीत. हिरवी-पांढरी वळलेली आहे हिरवीशी, निळी वळलेली आहे निळी-पांढरीशी. आणि लॅन केबलची सगळी करामत त्या पिळातच असते. जोडीतल्या दोन तारांवर संकेत एकमेकांच्या उलट जातो. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडचं टोक दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून सारखा पडलेला गोंगाट आपोआप वजा होतो. ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही तेच चालतंय. पीळ फुटला की वजाबाकी बिघडते. एसीचा खरखराट आत येतो तो इथून. गिगाबिटवर तर आणखी बिकट. पिन ३-६ आणि ४-५ या दोन्ही जोड्या एकाच हिरव्या-निळ्या पिळांत वाटल्या गेल्या होत्या, म्हणजे दोघी एकमेकींच्या कानात ओरडत होत्या.

यायची दिशा बिघडलेली आणि जायची ठीक, हेही यात बसतं. नारिंगी जोडी १-२ वर शाबूत होती.

इलेक्ट्रिशियनला मी तिथूनच फोन लावला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, टेस्टर मारून दिला होता. एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागले. दोन्हीकडे सेम आहे ना, मग?" त्याचं म्हणणं त्याच्या टेस्टरपुरतं शंभर टक्के खरं. तो दोन तुकड्यांचा टेस्टर एवढंच सांगतो की इकडची पहिली पिन तिकडच्या पहिलीला पोचली, दुसरी दुसरीला. कोण कोणाशी वळलंय हे त्याला दिसत नाही. दोन्हीकडे एकच चूक केली की दिवे आनंदाने लागतात. फुटलेली जोडी पकडणारे टेस्टर असतात, पण ते महाग, गल्लीतल्या कारागिराकडे कुठून असणार. 'दोन्हीकडे सेम' हा नियम मी स्वतः निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलाय. दिव्याच्या वायरिंगला तो पुरतो.

जॅक कापले. बेडरूमच्या बाजूला केबल हातभर शिल्लक होती. हॉलमध्ये मात्र टीव्हीच्या पॅनेलमागे जेमतेम चार बोटं. तिथे एकदाच संधी होती, म्हणून आधी बेडरूमचं टोक हात बसवायला घेतलं. बरं झालं, कारण पहिला जॅक वाया गेला. ट्यूबलाइटमध्ये निळी-पांढरी आणि हिरवी-पांढरी यांचे पट्टे इतके पुसट दिसतात की मी त्या दोघींची अदलाबदल केली. दुसऱ्यांदा ताईच्या सासऱ्यांनी टॉर्च धरला आणि प्रत्येक तारेचा रंग मोठ्याने म्हणून घेतला. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, तारा सरळ एका रेषेत कापायच्या, आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलं पाहिजे म्हणजे मागची खूण आवरणाला चावते. नुसत्या तारांना चावली तर सहा महिन्यांत ओढाताणीने सुटतं. हॉलचं टोक पहिल्याच दमात बसलं. पॅनेलमागे डोकं घालून बसवल्यामुळे मान दोन दिवस धरली होती, ते वेगळं.

ऑटोवर लिंक १ जीबीपीएसची आली आणि तिथेच राहिली. एसी चालू ठेवून यूडीपीची तीच चाचणी: चार लाख अकरा हजारांत शून्य. टीसीपीवर घरातल्या घरात ९४० एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे गिगाबिट तारेवर वेष्टणं वजा जाता जेवढं मिळतं तेवढं. फ्रँकफर्टची दोन जीबीची फाइल, साध्या ब्राउझरमधून, एका जोडणीवर, साडेपाच मिनिटं. डाउनलोड मॅनेजर ताईने त्याच दिवशी काढून टाकला. प्लॅन परत ५० वर आणावा का, यावर भावोजींचं आणि तिचं अजून एकमत नाही.

इलेक्ट्रिशियनला मी प्रमाण क्रमाचा फोटो पाठवला होता. दोन दिवसांनी त्याच्याकडून एक फोटो आला, दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरचा ताजा जॅक. खाली लिहिलेलं, "हे बरोबर का दादा?" मी मोठा करून बघितलं. तिसरी हिरवी-पांढरी, सहावी हिरवी, छान. चौथी आणि पाचवी मात्र आलटून-पालटून, निळीच्या आधी निळी-पांढरी. दुसऱ्या टोकालाही तसंच आहे का विचारलं. "हो, दोन्हीकडे सेम." मी म्हटलं, मग चालेल, त्या दोघी एकमेकींनाच वळलेल्या आहेत.